सांध्यातली हळद

स्वयंपाकघराच्या ओट्यामागे भिंतीवर जी टाइल लावतात तिला मिस्त्री लोक 'डाडो' म्हणतात. ओट्यापासून वरच्या कपाटांपर्यंत दोनेक फूट उंचीचा पट्टा. देहूत आम्ही जुना फ्लॅट घेतला तेव्हा दारं, रंग, खालची फरशी हे सगळं एका रविवारी ठरलं. डाडोला तीन आठवडे लागले.

वाद एवढाच होता की टाइल लहान घ्यायची की मोठी. मला मोठी हवी होती, दोन फूट बाय चार फूट. माझं कारण नक्षीचं नव्हतं, हिशेबाचं होतं. आमचा ओटा एल आकाराचा. एक बाजू आठ फूट, दुसरी पाच. या तेरा फुटांवर जुन्या पद्धतीच्या सहा इंची टाइल्स लावल्या तर १०४ बसतात, आणि त्यांच्यातले आडवे-उभे सांधे एकापुढे एक मांडले तर जवळजवळ नव्वद फूट भरतात. मोठ्या टाइलला फक्त तीन उभे सांधे, म्हणजे सहा फूट. बाई रोज काय पुसते? टाइल एका हातात पुसून होते. खरं काम सांध्याचं असतं. टाइलवर चकाकी असते, ती काही पीत नाही. सांध्यात भरलेलं सिमेंट मात्र पितं: तेल पितं, मिरचीचा रंग पितं, आणि हळद तर अशी पितं की जुना टूथब्रश झिजतो पण पिवळेपणा जात नाही.

सांध्यातली हळद आम्हाला एकदा महागात पडली आहे. चौदा वर्षं आम्ही भाड्याने राहिलो. निगडी, चिखली, देहूरोड. एका घरमालकांनी घर सोडताना स्वयंपाकघरात उभं राहून भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे बघा, मटणाचे डाग." डिपॉझिटमधून रंगकामाचे वेगळे आणि 'डागांचे' वेगळे पैसे कापले. ते डाग वरणाच्या फोडणीचे होते. मटण आम्ही महिन्यातून दोनदा करायचो, वरण रोज. त्यांच्याही घरी तेच वरण, तीच हळद, आणि बहुधा त्यांच्या भिंतीवरही तोच पिवळा रंग. पण त्यांच्या डागाला कुणी नाव विचारलं नसतं. नवरा शांतपणे सही करून आला. मी त्या दिवशी ठरवलं होतं की स्वतःचं घर झालं तर सांधेच ठेवणार नाही.

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोठी टाइल पटत नव्हती. "इत्ती बड्डी फरशी दिवाल पर? एक कोना फुटा तो पूरी निकालना पडता," असं त्या रोज एकदा म्हणायच्या. त्यात तथ्य होतं. लहान टाइल फुटली तर एक काढून एक बसवता येते, दुसऱ्या रंगाची लावली तरी चालून जातं. मोठी टाइल म्हणजे निकाह, म्हणाला माझा नवरा, आणि अम्मींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चाकणच्या सेकंड शिफ्टला अर्धा तास आधी निघाला. पण मला वाटतं अम्मींची भीती फुटण्याची नव्हतीच. आयुष्यभर त्या उचलता येईल असंच सामान घेत आल्या. पेट्या, घडीचा पलंग, खिळ्यावर टांगायची मांडणी. भिंतीला कायमचं काही चिकटवायचं हीच कल्पना त्यांना नवी होती.

तळवड्याच्या बाजूला टाइल्सच्या दुकानात गेलो. तिथला जवळजवळ सगळा माल गुजरातमधल्या मोरबीचा. आता नक्षी भट्टीत जाण्याआधी यंत्राने छापतात, त्यामुळे इटलीच्या संगमरवराच्या शिराही मोरबीत उमटतात आणि सागवानाच्या गाठीही. दुकानातल्या मुलाने आम्हाला मराठीत बोलताना ऐकलं आणि 'पोस्टर टाइल'चा कॅटलॉग उघडला. गॅसमागे मध्यभागी लावायचं चित्र. आधी विठ्ठल-रखुमाई, मग अन्नपूर्णा. कोटेशनसाठी नाव सांगितल्यावर त्याने कॅटलॉग झटकन मागून उघडला: काबा, आणि सोनेरी अक्षरात 'माशाअल्लाह'. मधल्या पानांवर फळांची टोपली आणि कॉफीचे कप होते. ती पानं आम्हाला कुणी दाखवलीच नाहीत.

अम्मींचे डोळे त्या सोनेरी अक्षरांवर थांबले. मी घरी आल्यावर म्हटलं, "अम्मी, गॅसमागे अल्लाहचं नाव आणि त्याच्यावर रोज खिम्याचं तेल उडणार. पुसणार कोण, आणि कोणत्या फडक्याने?" त्या गप्प झाल्या. त्यांचं माहेर उदगीर. लहानपणी शेजारच्या बिदरला त्यांनी महमूद गवानचा मदरसा पाहिलेला. १४७२ सालची ती इमारत. दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा मोठा भाग पडला, मिनारही एकच उरला, पण त्यावरच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स अजून जागोजागी टिकून आहेत. टाइलकामातली आयतींची अक्षरं उंचावर आहेत, हात पोचणार नाही अशा ठिकाणी. दुसऱ्या दिवशी अम्मी आपणहून म्हणाल्या, "उप्पर लगाते. दरवज्जे पे." मग बिस्मिल्लाची छोटी फ्रेम बाहेरच्या खोलीच्या दारावर गेली आणि ओट्यामागची भिंत कोरी राहिली. कोऱ्या भिंतीचा मला फार आनंद झाला. प्रत्येक भिंतीने आपण कोण हे सांगायलाच पाहिजे असं नाही.

आता मिस्त्री. लातूरकडचे, वयस्क, बोलायला कमी. त्यांनी जुन्या टाइल्स काढल्या, ओळंबा सोडला आणि म्हणाले, "वहिनी, भिंतीला पोट आलंय." चार फुटांत जवळपास अर्धा इंच. लहान टाइल असं पोट लपवते, दर सांध्याला थोडी थोडी वळते. मोठी टाइल सरळच राहते, आणि मग दोन टाइल्सची कड वरखाली होते, बोट फिरवलं की लागते. म्हणजे आधी प्लास्टर खरवडून भिंत सरळ करणं आलं. त्याचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी. मोठी टाइल स्वस्त पडते असं कुणी सांगितलं तर हा खर्च त्यात धरलाय का ते विचारावं.

दुसरी गोष्ट मापाची. दुकानात 'दोन बाय चार' म्हणतात, पण टाइल असते ६० बाय १२० सेंटिमीटर. चार फूट म्हणजे जवळजवळ १२२. आमच्या आठ फुटी भिंतीवर दोन टाइल्स लावल्या की दीड इंच उरतो. एवढी बारीक चीर कापणं कठीण आणि दिसायला वाईट. मिस्त्रींनी अख्खी टाइल गॅसच्या बरोब्बर मागे मध्यभागी घेतली आणि कापलेले तुकडे दोन्ही टोकांना सारखे ठेवले. त्यामुळे एक टाइल जास्त लागली, सांधाही सहाचा आठ फूट झाला. पण जिथे फोडणी उडते तिथे सांधा नाही. हे मला कोणत्याही नक्षीपेक्षा सुंदर वाटलं. उंचीला एक सेंटिमीटर कमी पडला, तो वरच्या कपाटाखाली लपला.

स्विचबोर्डासाठी चौकोन कापताना त्यांनी आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडली, मग ग्राइंडर चालवला. कोपरा सरळ कापला तर तिथूनच तडा जातो. आणि चिकटवायला साधं सिमेंट नाही, केमिकल. या टाइल्स पाणी शोषत नाहीत, त्यामुळे सिमेंट त्यांना नीट धरत नाही. दातेरी थापीने भिंतीलाही लावलं आणि टाइलच्या पाठीलाही. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून पाहिलं, पोकळ कुठेच वाजलं नाही. सांध्यांत इपॉक्सी भरलं. ते महाग, पण ते हळद पीत नाही.

देहूत राहायला आलो तेव्हा नातेवाइकांनी एकच विचारलं: तिथे चालतं का? २०२२ च्या एप्रिलपासून देहू नगरपंचायतीच्या हद्दीत मांस-मासळी विकायला बंदी आहे. बंदी विकण्यावर आहे, शिजवण्यावर नाही, हे मी निदान पाच पाहुण्यांना सांगितलं असेल. मटण देहूरोडहून येतं. तुकोबांचं गाव आहे, बीजेला आणि आषाढीला इथे उभं राहायला जागा नसते. त्याचा मान ठेवायला मला जड जात नाही. आणि याच गावातून पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. लोक सांगतात, त्या फकिराचा कटोरा कुणाच्या दारी भरत नव्हता, तो तुकोबांच्या घरच्या चिमूटभर पिठाने भरला. इथल्या स्वयंपाकघरांना ही गोष्ट पाठ आहे. घरमालकांनी मात्र ती ऐकलेली नसावी.

काम झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या माळकरी काकू बघायला आल्या. चहा घेतला, टाइलवर बोट फिरवलं, सांध्याशी थांबल्या. "हळद राहते का गं यात?" त्यांच्या घरच्या डाडोला दहा वर्षं झालीत. मी म्हटलं, "इपॉक्सी भरा काकू, राहत नाही." त्यांनी मिस्त्रींचा नंबर लिहून घेतला.

अम्मींच्या आग्रहाने दोन टाइल्स जास्त घेतल्या, त्याच बॅचच्या, कारण पुढच्या बॅचचा रंग हुबेहूब जुळत नाही. त्या कपाटामागे उभ्या करून ठेवल्यात, आडव्या ठेवल्या तर वजनाने तडा जातो. बॅच नंबर किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय, गॅसच्या नंबराखाली.