सिन्युअस म्हणजे नागमोडी, पण...

परवा एका मैत्रिणीचं भाषांतर तपासून देत होतो. मूळ इंग्रजीत रस्ता "सिन्युअस" होता, तिने "नागमोडी" केलं. फिट्ट. पुढच्याच पानावर एक नर्तकी आली आणि तिचे हातही सिन्युअस. आता नागमोडी हात म्हटलं की थेट हाडवैद्यच आठवतो :-)

शब्दाला दोन गोष्टी लागतात. वळणं हवीत, आणि एका वळणातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसता कामा नये. लिफ्ट सुळकन वर जाते, ती स्मूद. पण सिन्युअस नव्हे. वळणं आहेत पण त्रासाची, पिळवटलेली, तर टॉर्चुअस. टॉर्चरचा हा चुलतभाऊच. सिन्युअस चांगल्या अर्थाने येतो: मांजराची चाल, धुराची रेघ, सतारीची मींड. मराठीत अशा ठिकाणी विशेषण शोधत बसू नये, क्रियापद घ्यावं. तिचे हात लहरत गेले. झालं काम.

गंमत खरी पुढे आहे. लॅटिनमध्ये "सायनस" म्हणजे बाक, घडी, खाडीसुद्धा. पुण्याच्या थंडीत ठणकतो तो सायनस हाच. आणि त्रिकोणमितीतला साइनही हाच! आपल्याकडे आर्यभटाच्या काळापासून (ग्रंथ इ.स. ४९९चा) ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा म्हणायचे. अरबीत त्याचं झालं जिबा. पण लिहिताना स्वर गाळायची पद्धत, म्हणून पुढच्यांनी तेच वाचलं जैब, म्हणजे कपड्याची गळ्याजवळची घडी. हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी घडीला प्रतिशब्द दिला, सायनस. साइन वेव्हइतकी सिन्युअस रेघ दुसरी नसेल, आणि दोघांचं नाव एक झालं ते या घोटाळ्यामुळे. आपल्या कोडमध्ये असले बग सापडले तर लगेच तिकीट पडतं.

भूगोलवाले तर हा गुण चक्क मोजतात. नदीची वाहती लांबी भागिले सरळ अंतर. उत्तर दीडच्या वर गेलं की नदी वळणावळणाची. मी तेच रस्त्याला लावून पाहिलं. आमचं आजोळ पोलादपूर. तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण वीस. म्हणजे दोन! वरून पावसाळ्यात हा रस्ता बघाल तर धुक्यात सांडलेली रिबीन. इंग्रजी लेखकाला सिन्युअस सुचणारच.

पण तो वरून बघतोय. मामा एसटीत ड्रायव्हर होता, त्याच घाटात त्याची बरीच वर्षं गेली. त्याला मी एकदा म्हटलं, "मामा, काय सुंदर वळणं आहेत रे!" तो म्हणाला, "वळण कापताना समोरनं ट्रक आला ना, मग सांग." आणि मागच्या सीटवरच्यांचं काय? आपल्याकडे त्यासाठी "गाडी लागणे" आहे. ऊन लागतं, भूक लागते, तशी गाडीसुद्धा लागते. रस्ता गेला उडत, पोटात काय चाललंय ते बोला. लिंबू, आवळासुपारी, खिडकीची जागा, ही या शब्दाची सगळी सामग्री.

२८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळीत बस दरीत गेली. ३० जण गेले, एकच वाचला. त्यानंतर तो रस्ता रिबिनीसारखा दिसला तरी मी तसं तोंडाने म्हणत नाही, निदान पोलादपुरात तरी. तिथे लोक नुसतं "घाट" म्हणतात, आणि निघणाऱ्याला "पोचलास की फोन कर."

दुसऱ्या बाजूचा कशेडी घाट, खेडकडे जाणारा, आता बोगद्याने टळतो. सुमारे दोन किलोमीटरचा, २०२३च्या गणपतीत त्याची एक बाजू उघडली. आत सिन्युअस काहीच नाही, नुसते दिवे मागे पळतात. मामाला विचारलं, घाटाची आठवण येते का? म्हणाला, "मला कशाला येतेय! कंडक्टरला विचार, पिशव्या वाटायच्या त्याला."