नंबर बरोबर, नजर चुकीची

चौथीत चष्मा लागला आणि वर्गात माझं नाव ‘ढापण्या’ पडलं. कॉलेजात जाड काळी फ्रेम जाऊन सोनेरी काडी आली, पुढे चाळिशीने काचेत आडवी रेघ आणली. नंबर वाढायचा, काच बदलायची, प्रश्न मिटायचा.

मग एका पावसाळ्यात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मुका मार, असं सगळे म्हणाले. पण जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसायच्या, एकीवर एक. पाय कुठल्या पायरीवर टाकायचा ते कळेना. पेपरातली एक ओळ दुसरीवर चढायची. दुकानात नंबर काढला तर जुनाच. एकेक डोळा झाकून मी तक्ता शेवटपर्यंत वाचला. वाचणारच! बिघाड जोडीत होता आणि तपासणी एकेकट्याची.

तिरळेपणाच्या डॉक्टरबाईंनी तक्ता बाजूलाच ठेवला. “काका, मान डावीकडे कलती का धरता?” मला पत्ताच नव्हता. उजव्या डोळ्याची चौथी नस दुखावली होती. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही सगळ्यांत बारीक. मेंदूच्या देठाच्या मागून निघून ती कवटीच्या आत लांबचा वळसा घेत डोळ्याशी पोहोचते, म्हणून डोक्याला मार बसला की सापडते. नाकाकडे वळलेला डोळा खाली नेणारा स्नायू तिच्या ताब्यात. वाचायला आणि जिना उतरायला नेमका तोच लागतो. मान कलती करून मी दोन चित्रं जुळवत होतो.

उपाय ऐकून हिरमुसलो: थांबा. ही नस पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपण सावरते. नाहीच सावरली, तर दोष स्थिर झाल्यावर शस्त्रक्रिया. तोवर काचेवर प्रिझमची पातळ, बारीक रेघांची प्लॅस्टिक चकती पाण्याने चिकटवून दिली. जरा धूसर दिसायचं, पण पायरी एकच. आडव्या रेघेचा चष्मा मात्र बंद. त्यातून वाचायला नजर खाली न्यावी लागते. वाचायचा चष्मा वेगळा, पुस्तक नाकासमोर. मण्यांच्या दोऱ्याचे व्यायाम मला दिले नाहीत; जवळ पाहताना ज्यांचे डोळे पुरेसे आत वळत नाहीत, त्यांच्यासाठी ते असतात. व्हॉट्सॲपवाल्या गाजररसाबद्दल न बोललेलंच बरं.

घरात कुणाच्या डोक्याला मार बसला आणि नंतर दोन-दोन दिसतंय किंवा अक्षरं हलतायत असं तो म्हणाला, तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा. नुसता नंबर काढून परतू नका. दोन्ही डोळे एकत्र तपासा, असं स्पष्ट सांगा.