फुकटात मिळणारा आवाज

१. खंडाळ्यात वृद्ध अंधांसाठी एक घर आहे, नॅबचे, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे. लोक खंडाळ्याला काय काय बघायला येतात त्याची यादी लांबलचक. त्यात हे घर नाही.

२. एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करनने लिहायला घेतले, पुढे जेम्स टेह येऊन मिळाला. दोघेही अंध. ओळख लहानपणची, अंध मुलांच्या संगीत शिबिरातली. त्या काळी विकत मिळणारा स्क्रीन रीडर पुष्कळदा संगणकाहून महाग पडे.

३. ते पेनड्राइव्हवरूनही चालते. कामशेतच्या एखाद्या सेतू केंद्रात लावा, तिथला संगणक बोलू लागेल. केंद्रवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: व्हायरस नाही ना?

४. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे. लग्नाची पत्रिका आणि थकबाकीची नोटीस तो एकाच सुरात वाचतो. सरावलेले लोक वेग इतका वाढवतात की शेजारच्या डोळसाला एक शब्द लागत नाही. अंध माणसाला लोकलच्या डब्यात एवढा खासगीपणा पुरे.

५. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून फाइल आणली. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये. कागदावर सुरेख मराठी. स्क्रीन रीडरला मात्र त्यात इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे दिसतात. तो इमानदारीने तेवढेच वाचतो.

६. मावळात जमिनीचा भाव विचारू नये. सातबारा मात्र घरबसल्या बघता येतो. आधी चित्रातली वाकडी अक्षरे ओळखून टाकायची, आपण यंत्र नसल्याचा पुरावा म्हणून. ज्याला यंत्र वाचून दाखवते, तो इथेच अडकतो.

७. ३० एप्रिल २०२५. सर्वोच्च न्यायालय: डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग. अर्जदारांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसीसाठी ॲप त्यांना सांगत होते, पापणी मिटा.

८. विंडोजमध्ये शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की एक चौकट उघडते: स्टिकी कीज चालू करू का? गेम खेळणारी पोरे शिवी हासडून ती बंद करतात. एका हाताने टाइप करणाऱ्याला कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकामागून एक दाबता यावे, म्हणून ती आहे.

९. ई-व्हायाकॅम, हेही मोफत. वेबकॅम चेहरा टिपतो. डोके हलवले की पडद्यावरचा बाण हलतो. हात न चालणाऱ्यांसाठी. कुणाशी बोलताना होकारार्थी मान डोलावू नये, एवढेच पथ्य.

१०. स्टीफन हॉकिंग २००१ च्या जानेवारीत मुंबईत आले होते, टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेला. पुढे गालाच्या हालचालीवर त्यांचा संगणक चालवणारी प्रणाली इंटेलने तयार केली आणि २०१५ साली तिचा कोड सगळ्यांना खुला केला. घाटाच्या अलीकडच्या गावात ती बसवून द्यायला कोण येतो, हा भाग कोडमध्ये नाही.

११. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून वीज होते. १९१५ पासून मुंबई उजळते आहे. आंदर मावळात जुलैत लाइट गेली, की आधी वायफाय जाते, मग बॅटरी, मग वाचणारा.

१२. शुभ सकाळच्या फुलांची चित्रे. त्यांच्या पोटातला मजकूर पुष्कळ फोन आपणहून वाचत नाहीत, नुसते ‘फोटो’ म्हणतात. दृष्टिहीन माणसाची सकाळ बरीच शांत जात असावी.

१३. हॉटेलच्या वेबसाइटवर दरीचे आठ फोटो. वर्णन एकालाही नाही. ऐकू येते ते असे: ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, आत्ताच बुक करा.

१४. मॅराकेश करार: पुस्तक अंधांना वाचता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी नको. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४. परवानगी लागत नाही. पाने स्कॅन करायला, चुका काढायला माणूस लागतो.

१५. ‘मनी’, रिझर्व्ह बँकेचे मोफत ॲप, २०२० पासून. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की किती रुपयांची ते सांगते, इंटरनेटशिवाय. चिक्कीच्या दुकानात उपयोगी. नोट खरी की खोटी, ते मात्र सांगत नाही. त्यासाठी दुकानदार ती उजेडाकडे धरतो, डोळे बारीक करतो आणि शेवटी ‘दुसरी द्या’ म्हणतो.