डब्याचे झाकण

परवा आमची नात शाळेची वही घेऊन बसली होती. ‘आमच्या घरातील पदार्थ व स्वयंपाकातील शब्द’ असे काहीतरी लिहून न्यायचे होते. तिने श्रीखंड, पुरणपोळी, मसालेभात असे लिहिले. आम्ही म्हटले, “बाळ, आपल्या चुलीवरचं यात काहीच कसं नाही ग?” ती म्हणाली, “आजी, आपलं शाळेत कसं लिहायचं?”

आमच्या काळजात चर्र झाले. कारण आम्हीही तेच केले होते. कारखान्यात कामाला असताना जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारले, डब्यात काय आणलंय, तर वजडी असली तरी “बटाट्याची भाजी” म्हणायचो आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचो.

मग आम्ही सांगत गेलो आणि तिने लिहून घेतले.

आधण म्हणजे चुलीवर उकळायला ठेवलेले पाणी. त्यात डाळ, कण्या सोडायच्या, ते वैरणे. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी, भातासारखी शिजवायची. गुठळी होऊ न देता पिठले ढवळत राहायचे, ते हाटणे. माडगे हुलग्याच्या पिठाचे, गरम गरम प्यायचे. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण. नाव कोरडे, पण बहुतेक वेळा रस्साच! येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेले पीठ. मूठभर टाकले की पाण्यासारखी आमटी दाट होते आणि चार माणसांची सहा जणांना पुरते. वजडी म्हणजे बकऱ्याचे पोट व आतडी; गरम पाण्यात धुऊन, खरवडून साफ करण्यातच तिची खरी मेहनत.

“आणि चान्या?” तिने विचारले. आम्ही जरा थांबलो. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, दोरीवर उन्हात वाळवलेल्या. पूर्वी ते मेलेल्या ढोराचे मांस असे. ते आवडीने नव्हे, गावाने लादलेल्या कामाबरोबर आपल्या पदरात पडले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितले. ते आमच्या आजीच्या कानावर आले आणि तिने अंगणातली दोरीच काढून टाकली, असे आई सांगायची. त्यानंतर घरात उपास घडले, पण दोरी पुन्हा बांधली गेली नाही.

सोडले ते अपमानाचे अन्न, आणि ते सोडलेच पाहिजे होते. पण मूठभर पिठात घर जगवणाऱ्या आपल्या बायांची अक्कल आपण का लपवावी? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचे जेवण कागदावर आणले. आपल्याला निदान एक वही भरता येईल.

नातीने श्रीखंडाच्या ओळीवर रेघ मारली आणि लिहिले, माडगे.

भगिनींनो, तुमच्या आईला, सासूला विचारा आणि मुलांना लिहून द्या. विचारायला उशीर झाला तर सांगणारे कुणी उरणार नाही.