शेकरूला काय द्यावे?

चातुर्मासात प्रवास आवरता घ्यायचा, हा अनेक जैन घरांचा नेम. थेरगावात लोखंडी सामानाचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबानेही कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावरच भीमाशंकरचा बेत आखला. नातीला शेकरू पाहायचा होता. आजोबांनी आदल्या रात्रीच शेंगदाणे आणि बिस्किटे यांची पिशवी भरून ठेवली. दारी आलेला जीव उपाशी परतू नये, ही त्यांची आयुष्यभराची रीत. मग जीवांच्या दारी रिकाम्या हाताने कसे जावे?

पहाटे निघालेली गाडी मोशी, चाकण ओलांडून राजगुरुनगरला पोहोचली, तोवर कारखाने आणि कंटेनरच्या रांगा मागे पडल्या होत्या. पुढे चासकमान धरणाचे पाणी दिसू लागले, वाडा गाव मागे गेले आणि रस्ता डोंगर चढू लागला.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे रान शेकरूचे हक्काचे घर आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी पाठीची ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. फळे, बिया, फुले, साल असा तिचा आहार झाडावरच मिळतो. काटक्या आणि पानांची गोल घरटी ती उंच फांद्यांवर बांधते, तीही एकाहून अधिक. फांदीला फांदी भिडलेली असली, की तिला माणसाकडून आणखी काही नको असते.

वाटाड्याने बोट दाखविले, तेव्हा आधी झुपकेदार शेपूट दिसली, मग शेकरू. नातीने श्वास रोखला. आजोबांचा हात पिशवीकडे गेला.

“बाबा, ते पिशवीतच राहू द्या,” वाटाड्या हळूच म्हणाला. “एकदा खायला मिळालं की जनावर रस्त्यावर येतं. गाडी काही थांबत नाही.”

आजोबांना ते लागले. देणाऱ्या हाताला कोणी अडविले, असे सहसा होत नसे.

“आजोबा, मग आपण त्याला काहीच द्यायचं नाही?” नातीने विचारले.

बराच वेळ ते वर पाहत राहिले. मग म्हणाले, “आपल्याकडे दानं चार सांगितली आहेत, बेटा. आहार, औषध, ज्ञान आणि अभय. इथे चौथं द्यायचं.”

आहारदानात देणाऱ्याला समाधान लगेच मिळते; घेणारा समोर दिसतो. अभयदानात तसे काही दिसत नाही. हॉर्न न वाजविणे, घाटात गाडी सावकाश हाकणे, प्लास्टिक मागे न टाकणे, दुरूनच पाहून परतणे, एवढेच हाती असते. माणसाची भीती मोडली म्हणजे प्राण्याला अभय मिळाले, असे नव्हे. त्याच्या भयाचे कारण आपण होऊ नये, हे अभय.

सूर्यास्तापूर्वी वाटेतच जेवण उरकून सारे घरी परतले. पिशवी तशीच होती. दुसऱ्या दिवशी दुकानात माल उतरविणाऱ्या हमालांपुढे चहाबरोबर ती उघडली गेली.