विस्कॉन्सिनच्या रानातली कोल्हेकुई

लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींकडून आपण नायगरा ऐकतो, डिस्नेलँड ऐकतो, मोठमोठ्या दुकानांची वर्णनं ऐकतो. अमेरिकेतलं खेडं मात्र फार थोड्याजणींच्या पाहण्यात येतं. माझी लेक विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, व्हिरोक्वा या छोट्या गावाबाहेर राहते. जावई मिसिसिपीकाठच्या ला क्रॉस शहरात नोकरीला जातात. गेल्या हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तिच्याकडे होते.

हा मुलूख मोठा देखणा आहे. हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले आणि जमीन सपाट करून गेले, पण हा कोपरा त्यातून सुटला. त्यामुळे इथं उंच धारा आणि त्यांच्यामध्ये अरुंद दऱ्या आहेत. माथ्यावर मक्याची शेतं, उतारावर ओकची झाडी, तळाशी झुळझुळ ओढे. पसरणीचा घाट चढताना खाली वाई दिसते ना, तशी इथं वळणावळणावर एखादी लाल रंगाची गुरांची वखार दिसते. रस्त्यानं अमिश लोकांच्या घोडागाड्या टपटप जातात. फक्त थंडी विचारू नका! जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला, तर कुणी त्याची बातमीसुद्धा करत नाही.

मी पोचले ती नेमकी हरणांच्या शिकारीच्या दिवसांत. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीनं शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. विस्कॉन्सिनमध्ये पाच लाखांहून अधिक लोक त्यासाठी परवाना काढतात. आपल्याकडे गणपतीला जसे सगळे गावी जातात, तसे मुलगे, जावई, नातवंडं या दिवसांत घरच्या शेतावर जमतात. एकमेकांना गोळी लागू नये म्हणून भडक नारिंगी कपडे घालावे लागतात. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. त्यावर काही बायका खूष झाल्या, तर काहींना वाटलं की आम्हाला रानात आणायला गुलाबी रंगाचं आमिष कशाला! हरणाचं मांस वर्षभर पुरेल असं फ्रीजरमध्ये भरून ठेवतात, सॉसेज करतात. घरच्या बाईला आठवडाभर उसंत नसते.

या दिवसांत दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. प्रत्येकजण आपलं रान हरणांसाठी शांत ठेवतो. डिसेंबरात उरलेसुरले छोटे हंगाम होतात, धनुष्यबाणाची शिकार जानेवारीपर्यंत रेंगाळते, आणि मग रान मोकळं होतं. तेव्हा शेतकऱ्यांच्या दारावर टकटक सुरू होते. "तुमच्या जमिनीवर कायोटी मारायला येऊ का?"

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणा. अंगानं कोल्ह्याहून थोराड, पण लांडग्याच्या निम्म्यानंही नाही. रंग करडा-तपकिरी, शेपूट झुपकेदार आणि धावताना खाली झुकलेली. हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं आहे. शहरातली माणसं 'कायोटी' म्हणतात, शिकारी आणि शेतकरी नुसतंच 'कायोट'. एके काळी हा प्राणी पश्चिमेकडच्या माळरानातला. माणसांनी लांडगे मारून संपवले, जंगलं तोडली, आणि ही मोकळी जागा कायोटीनं हळूहळू व्यापली. आज तो अटलांटिकच्या काठापर्यंत पोचला आहे. शिकागोसारख्या शहराच्या मध्यवस्तीतही तो राहतो. उंदीर, ससे, पडलेली फळं, मेलेलं जनावर, हरणाचं नवजात पाडस, जे मिळेल ते खातो आणि संसार करतो.

हरणांचा हंगाम संपल्यावरच त्याच्या मागे लागण्याला कारणं आहेत. एक तर शेतकरी आता परवानगी सहज देतो. बर्फावर पावलं स्पष्ट उमटतात. हरणांची आतडी-कोथळे रानात पडलेले असतात, त्यावर कायोटी येतात. थंडीत त्यांचं कातडं दाट होतं. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा जुगण्याचा काळ, त्यामुळे ते सादाला पटकन ओ देतात. शिवाय आत्ता कायोटी मारले तर वसंतात हरणांची पाडसं वाचतील, असा शिकाऱ्यांचा हिशेब असतो. पांढरे कपडे घालून, वाऱ्याची दिशा बघून शिकारी झाडाला टेकून बसतो आणि जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढणारी शिट्टी फुंकतो. हल्ली बटण दाबून तसा आवाज काढणारी यंत्रंही मिळतात. कायद्यानं विस्कॉन्सिनमध्ये ही शिकार वर्षभर चालते. पाहुण्या शिकाऱ्याला परवाना लागतो, पण जमिनीचा मालक स्वतःच्या जमिनीवर परवान्याशिवायही कायोटी मारू शकतो. मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर पाटी असो वा नसो, विचारलंच पाहिजे.

हे 'विचारणं' मी लेकीच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलं. बाई साठीच्या, धिप्पाड, हसऱ्या. नवरा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. साठेक मेंढ्यांचा सगळा कारभार बाईंचाच. मला दुपारी कॉफीला बोलवायच्या आणि लोकर विंचरता विंचरता गप्पा मारायच्या.

एका दुपारी दोन तरुण आले. गाडीच्या मागे पिंजऱ्यात पाच-सहा शिकारी कुत्रे. बाईंनी दारातूनच नाही म्हटलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरं चांगली आहेत हो, पण कुत्र्यांना कुंपण कुठं वाचता येतं? त्यांच्या गळ्यात कुठं आहेत ते कळणारे पट्टे असतात, पण कळून काय उपयोग? माझ्या मेंढ्या गाभण आहेत. एकदा घाबरून पळत सुटल्या की गाभ टाकतात."

दोन दिवसांनी एक वयस्क गृहस्थ आले. दरवर्षी येतात म्हणे. टोपी काढून दारात उभे राहिले, हातात घरच्या हरणाच्या सॉसेजचं पुडकं. त्यांना बाईंनी आत बसवलं, कॉफी दिली आणि मग अटी सांगितल्या. फक्त खालच्या कुरणाच्या बाजूला बसायचं. वखारीच्या दिशेनं बंदूक धरायची नाही. फाटक उघडलं तर लावायचं. आणि माथ्यावरच्या झाडीत मुळीच जायचं नाही.

ही शेवटची अट मला कळेना. ती बाईंनीच उलगडून सांगितली. माथ्यावर कायोटीची एक जोडी कित्येक वर्षं राहते. ती उंदीर खाते, ससे खाते, मेंढरांच्या वाटेला जात नाही. तिची हद्द ती राखते आणि परक्या कायोटींना आत येऊ देत नाही. "ही जोडी मारली तर तिच्या जागी कोण येईल, काय सांगावं?" खालच्या कुरणाची गोष्ट निराळी. मागल्या एप्रिलात तिथून दहा दिवसांत पाच कोकरं गेली होती. सकाळी फक्त लोकर आणि रक्त. बाईंनी लामा पाळला आहे, मोठा पांढरा ग्रेट पिरेनीज जातीचा राखणदार कुत्रा आहे, रात्री विजेचं कुंपण आहे. तरीही पाच गेली.

बाईंचा हा अनुभव अभ्यासकांच्या सांगण्याशी जुळतो. मेंढ्या मारणारे बहुधा त्याच हद्दीत पिलं वाढवणारे नर-मादी असतात. बाकीचे कितीही मारले तरी कोकरं वाचत नाहीत. सरसकट मारल्यानं त्यांची संख्याही फार काळ घटत नाही. बाहेरून नवे येतात, आणि खायला मुबलक मिळालं की मादी जास्त पिलं घालते. विसाव्या शतकात अमेरिकन सरकारनं विष घालून, सापळे लावून लाखो कायोटी मारले. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असं विष घालायला बंदी केली. इतकं होऊनही कायोटी देशभर पसरलेच. जास्तीत जास्त कायोटी मारील त्याला बक्षीस, अशा स्पर्धाही भरत. त्यांवर कॅलिफोर्नियानं 2014 मध्ये प्रथम बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी.

कातड्याचा बाजारही आता बसला आहे. थंडीच्या जाकिटाच्या टोपीला मऊ केसाळ किनार असते ना, ती बऱ्याचदा कायोटीची असे. कॅनडा गूस या नावाजलेल्या कंपनीनं 2021 मध्ये अशी लव वापरणं सोडायचं जाहीर केलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे बंदुकीचा एकच आवाज आला. सकाळी मी आणि लेक गेलो, तर गृहस्थ अंगणात उभे होते आणि गाडीत एक मादी. अंगावरची लव इतकी दाट, की वाऱ्यानं तिच्यात भांग पडत होता. बाईंनी हातमोजा काढून तिच्या पोटावर हात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोकरं नेणारी हीच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण नेली असतील तर पिलांसाठीच नेली असतील. मीही माझ्या पिलांसाठीच केलं." एवढं बोलून त्या मेंढ्यांना वैरण टाकायला गेल्या. गृहस्थांनी जाताना फाटक नीट लावलं.

मला आपल्याकडच्या धनगरणी आठवल्या. लांडग्यानं कोकरू नेलं तर त्याही हळहळतात, पण 1972 च्या कायद्यानं आपल्याकडे लांडगा-कोल्हा मारता येत नाही. कुत्रा, काठी आणि रात्रीचं जागरण यांवरच भिस्त. इथं कायदा मारायची मोकळीक देतो. तरी कुठं, कोणाला आणि किती, हे त्या बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं, आणि मोकळीक होती तेवढी सगळी घेतली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात अशा मुलखात जाणार असाल, तर थोडं लक्षात ठेवा. फिरायला जाताना वर भडक नारिंगी किंवा गुलाबी काहीतरी घाला. तपकिरी शाल नको. बर्फात कुंपण दिसत नाही, म्हणून रस्ता सोडू नका. खरकटं आणि मांजराचं खाणं अंगणात ठेवू नका. छोटा कुत्रा असेल तर रात्री एकटा बाहेर सोडू नका. कायोटी समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका. हात वर करून मोठ्यानं ओरडा, तो निघून जातो.

आणि एखाद्या चांदण्या रात्री खिडकी थोडी उघडून बघा. आधी एक लांब सूर, मग त्यावर दुसरा, मग भुंकल्यासारखे तुटक आवाज. दोघंच असतात, पण दहाजण गातायत असं वाटतं. मी निघायच्या आदल्या रात्री माथ्यावरची जोडी अशीच बोलत होती. पलीकडे बाईंच्या वखारीत दिवा होता. पहिली मेंढी व्यायला झाली होती.