समपातळीची रेघ

मृद व जलसंधारण हा कृषी अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमातील एक मुख्य विषय आहे. महाराष्ट्रात राज्याची चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झाले. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण तिथेच झाले. राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे आणि कालव्याखाली ऊस उभा असतो. त्याच जिल्ह्यात पारनेरचे पठार मात्र पावसाच्या भरवशावर जगते. जलसंधारण शिकायला याहून चांगली जागा मिळणे अवघड.

विषय सुरू होतो तो पावसाच्या हिशेबाने. 1 हेक्टर रानावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 1 लाख लिटर पाणी होते. त्यातले किती मुरेल हे मोजण्यासाठी एकात एक अशी दोन लोखंडी कडी जमिनीत ठोकतात, दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या कड्यातली पातळी ठरावीक वेळाने मोजतात. बाहेरच्या कड्यातल्या पाण्यामुळे आतले पाणी बाजूला न पसरता सरळ खाली जाते. मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी घटाघटा पिते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पातळी हलेनाशी होते. मुरमाड रानात पाणी बराच वेळ मुरत राहते. पुस्तकातल्या कोष्टकाने न कळलेला फरक लेखकाला या कड्यांपाशी बसून कळला.

धूप मोजण्याचे सार्वत्रिक समीकरण अमेरिकेतील शेतांवरच्या नोंदींतून तयार झाले आहे. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, पीक आणि संधारणाचे उपाय या सहा घटकांचा त्यात गुणाकार असतो. चढ आणि पाऊस माणसाच्या हाती नाहीत. पीक आणि उपाय आहेत. उपाय करायचे ते माथा ते पायथा या क्रमाने. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतात बांध, शेवटी नाल्यावर बंधारे. हा क्रम मोडून आधी बंधारा बांधला, तर वरची माती वाहून येऊन तो गाळाने भरतो.

चराचे माप साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असते. अशा 1 मीटर लांबीच्या चरात 180 लिटर पाणी मावते. खणलेली माती थोडी जागा सोडून उताराच्या बाजूला रचतात. खोदाई कष्टाची असली तरी खरी कसोटी आखणीची. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात: मापे लिहिलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या मापाला आले की ती दोन ठिकाणे एका पातळीत असतात. तिथे फक्की टाकायची.

शेवटच्या वर्षी लेखकाच्या गटाने एका गावाच्या डोंगरावर चर आखले. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, तो कोणी पाहिला नाही. काठ्या आधी शेजारी उभ्या करून माप जुळते का, हेही तपासले नाही. चराचे एक टोक वीतभर खाली उतरले. पहिल्या मोठ्या पावसात सगळे पाणी त्या टोकाला धावले, भराव फुटला आणि त्या लोंढ्याने खालचे दोन चर गाळाने बुजवले. ज्या कामाने धूप थांबायची, त्यानेच नवी ओघळ पाडली. तिच्याजवळ उभे राहताना सर्वांनाच अपराधी वाटले. गावकऱ्यांनी स्वतःच्या कुदळी आणल्या आणि आखणी पुन्हा झाली. या वेळी चरात ठरावीक अंतरावर न खणलेल्या मातीचे आडवे अडसर ठेवले, म्हणजे चूक राहिलीच तरी पाणी एका टोकाला जमणार नाही.

ज्या गावात चरांचे काम निघणार असेल, तिथे पहिली कुदळ मारण्याआधी नळी उजेडात धरून पाहावी आणि दोन्ही काठ्या एकदा शेजारी उभ्या कराव्यात.